उकळलेले पाणी आणि शैवालविष

जलाचे दोष सांगताना सुश्रुताचार्यांनी स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे सहा दोष मानले आहेत. शेवाळाने आच्छादलेले पाणी त्यांनी व्यापन्न ठरविले. चरकाचार्यांनीही जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात, जलचर पक्षी सोडून गेले आहेत अशा जलाशयाचा निर्देश केला आहे. सहांपैकी पहिले चार दोष डोळा, नाक, जिव्हा आणि त्वचा यांना कळतात. वीर्यदोष मात्र पाणी पोटात गेल्यावर तहान, जडपणा, शूल, लालास्राव अशा लक्षणांनी कळतो, म्हणजे उशिरा कळतो. शैवालविषाचा प्रश्न नेमका याच जागी उभा राहतो, आणि त्या बाबतीत आपण वैद्यमंडळी रुग्णांस सरसकट देत असलेला एक सल्ला सदोष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो सल्ला म्हणजे ‘पाणी उकळून प्या’. अतिसार, विषूचिका, कामला यांच्या साथीत तो योग्यच आहे. परंतु तळ्यावर हिरवा, रंग सांडल्यासारखा थर आला असेल तर तो उपयोगी पडत नाही. हा थर बहुधा नीलहरित शैवालाचा असतो. (शास्त्रज्ञ त्यास शैवाल न म्हणता सायनोबॅक्टेरिया म्हणतात.) त्यातील मायक्रोसिस्टिससारख्या जाती मायक्रोसिस्टिन हे विष निर्माण करतात. सात अमिनो आम्लांचे हे वलय उकळल्याने मोडत नाही. उलट उष्णतेने शैवालाच्या पेशी फुटून आतील विष पाण्यात उतरते आणि पाणी आटल्यामुळे त्याची तीव्रता वाढते. यकृतपेशींतील प्रोटीन फॉस्फेटेज या विकरांना हे विष रोखून धरते. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराला ईरी सरोवरातून होणाऱ्या पुरवठ्यात हे विष आढळले, तेव्हा नागरिकांना नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असेच बजावण्यात आले होते.

ब्राझीलमधील कारुआरू येथील 1996 ची घटना याहून भीषण आहे. जलाशयातून टँकरने आणलेले, पुरेशी प्रक्रिया न झालेले पाणी रक्तशुद्धीकरणासाठी वापरले गेले आणि 52 रुग्णांचे मृत्यू या विषामुळे झाल्याचे निष्पन्न झाले. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतील वैद्यांनी ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी. उजनी किंवा रंकाळा येथील पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते, हेही तितकेच खरे. मग ओळखावे कसे?

आजवरचे मार्ग दोन. एलायझा चाचणी, अथवा मोठ्या प्रयोगशाळेतील द्रव वर्णलेखन. दोन्ही विश्वसनीय आहेत, परंतु नमुना शहरात जाऊन अहवाल परत येईपर्यंत गाव ते पाणी पिऊन मोकळे होते. येथेच नॅनो द्रव्यांवर आधारित जैवसंवेदकांचे महत्त्व आहे. विशिष्ट विषालाच धरणारी प्रतिपिंडे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर, ग्राफीनवर अथवा कार्बनच्या सूक्ष्म नलिकांवर बसवितात. विष चिकटले की विद्युत्‌वहन बदलते किंवा रंग पालटतो. सोन्याचे कण सुटे असता द्रव तांबडा दिसतो, एकत्र आले की निळसर होतो. 2009 मध्ये मिशिगन विद्यापीठातील निकोलस कोटोव्ह आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी अशा नलिकांची शाई साध्या कागदात मुरवून मायक्रोसिस्टिन ओळखणारी पट्टी तयार केली. तिची संवेदनक्षमता एलायझाच्या तोडीची आणि वेग किमान 28 पट होता. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. तिच्याही खालचे प्रमाण ही पट्टी दाखवू शकत होती.

सुवर्णभस्मात अतिसूक्ष्म कण आढळतात, म्हणून हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते, असे म्हणण्याचा मोह आपल्यातील काहींना होतो. तो आवरावा. कण लहान असणे वेगळे आणि त्याने एकच विष निवडून ओळखणे वेगळे.

या साधनांविषयी आमचा उत्साह मात्र आंधळा नाही. मायक्रोसिस्टिनचे अडीचशेहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. एका प्रकारासाठी बनविलेली पट्टी दुसऱ्याला तितकीच ओळखेल असे नाही. शिवाय शैवाल जिवंत असते तोवर विष बहुतांशी पेशींच्या आत असते. पाण्यात नुसती पट्टी बुडविली तर विरघळलेले तेवढेच कळेल आणि धोकादायक पाणी निर्धोक ठरेल. पेशी फोडून चाचणी करण्याची पायरी साधनातच असली पाहिजे. पेशी आपोआप फुटल्या की काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील पाम बेटाचे आहे. तेथे 1979 मध्ये धरणातील शैवाल मारण्यासाठी मोरचूद टाकला गेला आणि त्यानंतर 148 जण आजारी पडले, त्यांत बहुसंख्य बालके होती. तुरटी किंवा निवळी फिरविल्याने पेशी तळाशी बसतील, पण एकदा विरघळलेले विष त्याने जात नाही. प्रयोगशाळेच्या स्वच्छ पाण्यात उत्तम चालणारा संवेदक गाळ, सेंद्रिय द्रव्ये आणि सांडपाणी मिसळलेल्या तळ्यातही चालतो का, हे आपल्याच जलाशयांवर पाहिले पाहिजे. आयुर्वेद महाविद्यालयांच्या अगदतंत्र विभागांनी जवळच्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांसमवेत हे काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. पदव्युत्तर प्रबंधांसाठी यापेक्षा निकडीचे विषय फार थोडे असतील.

तोपर्यंत निदान रुग्णपत्रिकेत एक रकाना वाढवावा. कामला, छर्दि अथवा अकारण अरुचि घेऊन आलेल्या रुग्णास पाणी कोठले, गेल्या पंधरवड्यात त्याचा रंग कसा होता आणि त्या काठावर गुरे किंवा मासे मेले काय, हे विचारावे. उत्तर हिरव्या पाण्याकडे बोट दाखवीत असेल तर उकळण्यास न सांगता दुसऱ्या विहिरीचे पाणी आणावयास सांगावे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवावे.