विश्लेषण : जुन्या आउटबोर्डचे ‘टायमिंग’ खरेच बिघडते का?

नारळी पौर्णिमा झाली की कोकण किनाऱ्यावर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि त्याच आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर येते : ‘इंजिनाचे टायमिंग गेले.’ दोरी दहा वेळा ओढूनही इंजिन धरत नाही, धरले तर वेग घेत नाही. मग कोणी जाणकार कव्हर काढतो, एक स्क्रू अर्धा फेरा फिरवतो, कान देऊन ऐकतो आणि ‘आता बरोबर’ म्हणतो. इंजिन खरोखर जोरात पळू लागते. काही दिवसांनी खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत, तेच इंजिन एकाएकी बंद पडते. उघडून पाहिले तर पिस्टनच्या माथ्याला भोक!

याला इंजिनाचे वय जबाबदार नसते. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचे टायमिंग वाटते तितक्या सहज हलत नाही. हलले तरी त्यामागे कारण असते. ते न शोधता स्क्रू फिरवणे हा किनाऱ्यावरचा सर्वात महागडा शॉर्टकट आहे.

टायमिंग म्हणजे नेमके काय?

पिस्टन सर्वात वर पोहोचण्याआधी थोडी ठिणगी पडावी लागते, कारण इंधन पेटायला वेळ लागतो. ही ‘आधी’ किती, ते क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. इंजिन मंद चालताना ठिणगी पिस्टनच्या सर्वोच्च स्थानाजवळ पडते. पूर्ण वेगात ती बऱ्याच मॉडेलांत वीस ते तीस अंश आधी पडते. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो.

आता साधे गणित. मिनिटाला ५००० फेरे म्हणजे सेकंदाला तीस हजार अंश. म्हणजे टायमिंगचा एक अंश हा सेकंदाचा तीस हजारावा भाग झाला. हा फरक कानाने ओळखता येतो, असे मानणाऱ्यांच्या आत्मविश्वासाला दाद द्यायला हवी. पण त्यांच्या हाती इंजिन देऊ नये.

मग ते हलते कसे?

हे इंजिन कोणत्या पिढीचे आहे त्यावर अवलंबून आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या अनेक दोन सिलिंडरी इंजिनांत फ्लायव्हीलखाली मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र पॉइंट असत. पॉइंट उघडला की ठिणगी पडते. त्यामुळे या इंजिनांत पॉइंटमधले अंतर हेच टायमिंग. हे अंतर साधारण ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ठेवायचे असते. अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतो, कमी झाले की उशिरा. कॅमवर घासणारा पॉइंटचा ठोकळा वर्षानुवर्षे झिजत जातो, अंतर कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. दोन पॉइंट सारखे झिजले नाहीत, तर एक सिलिंडर दुसऱ्याच्या मागे पडतो आणि मंद वेगात इंजिन लंगडते.

नंतरच्या सीडीआय इंजिनांत घासणारा भागच नाही. चुंबक, कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक बॉक्स ठिणगी सोडतात. तिथे झिजेने टायमिंग सरकण्याचा प्रश्न येत नाही. सरकले तर पाहायच्या जागा मोजक्याच : ढिली झालेली लिंक, खाऱ्या हवेने अडखळणारी टायमरची प्लेट, आणि फ्लायव्हीलची चावी. फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर नेमक्या जागी बसावे म्हणून खाचेत धातूचा छोटा तुकडा असतो, ती ही चावी. वरचा नट पुरेसा आवळलेला नसेल तर ती कातरली जाते आणि फ्लायव्हील थोडे फिरून बसते.

थोडक्यात, झिजेमुळे ठिणगी उशिरा पडते. पिस्टनला भोक पाडणारे ‘लवकर’ टायमिंग मात्र बहुतेक वेळा माणसाच्या हातून येते. उशिरा पडणाऱ्या ठिणगीने इंजिन सुस्त होते, तापते, पण तक्रार तरी करते. लवकर पडणाऱ्या ठिणगीने ते आधी चपळ वाटते. आतली ठोक एक्झॉस्टच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसू लागला, तर तो इशारा समजावा.

रॉकेल आणि नवे पेट्रोल

सुरू पेट्रोलवर करायचे आणि नंतर रॉकेलवर चालवायचे, ही पद्धत किनाऱ्यावर जुनी आहे. रॉकेलचा ऑक्टेन कमी, म्हणून ते लवकर ठोकते. रॉकेलसाठी बनवलेल्या इंजिनांचे कॉम्प्रेशन त्यामुळेच कमी ठेवलेले असते. पेट्रोलचे इंजिन तसेच रॉकेलवर चालवले आणि वर टायमिंगही पुढे ओढले, तर पिस्टनला वाचवायला काही उरत नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची गोष्ट निराळी. त्याचा ऑक्टेन चांगला असतो, पण जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ पडते आणि टाकीत पाणी शिरले की इथेनॉल त्या पाण्यासह तळाशी जातो. इंजिन दम सोडते. लक्षण टायमिंगसारखे, दुखणे इंधनाचे.

ऑगस्टमध्येच का?

पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. या दोन महिन्यांत शेडच्या दमट हवेत पॉइंटवर पातळ गंज चढतो, कार्ब्युरेटरमधले शिळे पेट्रोल चिकट होते, किल स्विचची वायर खारटते. टायमिंग मे महिन्यात होते तिथेच असते. म्हणून आधी नवा प्लग, ताजे इंधन, दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आणि ठिणगीचा जोर तपासावा. पॉइंट स्वच्छ करून फिलर गेजने अंतर पाहावे. बहुतेक होड्यांचे काम इथेच संपायला हरकत नाही.

टायमिंग लाइटही फसवतो

त्यानंतरही शंका राहिली तर टायमिंग लाइट. प्लगच्या वायरीला क्लिप लावली की ठिणगीबरोबर दिवा लखलखतो आणि फ्लायव्हीलवरची खूण काट्यासमोर थबकलेली दिसते. पण ही खूण फ्लायव्हीलवर असते, पिस्टनवर नाही. सीडीआय इंजिनात चावी कातरली असेल तर ठिणगी सोडणारे चुंबक आणि खूण दोन्ही एकत्र सरकतात. लाइट ‘सर्व ठीक’ सांगतो आणि पिस्टन भलतीकडे असतो. हे अनेक मेकॅनिकही विसरतात.

म्हणून काटा आधी तपासायचा. प्लग काढून त्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉपर बसवायचा. फ्लायव्हील हाताने हळू एका बाजूला अडेपर्यंत फिरवून काट्यासमोर खूण करायची, मग उलट बाजूला. दोन खुणांचा मध्य म्हणजे पिस्टनचे सर्वोच्च स्थान. शून्याची खूण तिथे नसेल तर फ्लायव्हील पुलरने काढून चावी पाहायची. शाफ्टवर हातोडा मारायचा नाही.

टायमिंग पाहून झाले की थ्रॉटलची लिंक. थ्रॉटल फिरताना ठिणगी पुढे सरकणे आणि कार्ब्युरेटर उघडणे यांचा मेळ हवा. कार्ब्युरेटर आधी उघडला तर इंजिन गुदमरते आणि दोष पुन्हा टायमिंगच्या माथी येतो. पूर्ण वेगाची चाचणी भाराखाली, होडी पाण्यात भक्कम बांधून करावी. नळाच्या पाण्यावर शेडमध्ये इंजिन भरधाव सोडू नये.

हे सगळे इंग्रजी पुस्तिकांत आहे आणि तिथेच राहिले आहे. प्रत्येक होडीवाल्याने टायमिंग लाइट घ्यावा, ही अपेक्षा अवास्तव. पण मच्छीमार सहकारी संस्थेकडे एक लाइट, एक पुलर, एक स्टॉपर आणि त्या बंदरावर चालणाऱ्या मॉडेलांचे आकडे मराठीत का नसावेत? जाळी आणि इंजिनासाठी योजना मागणाऱ्या संस्थांनी हेही मागायला हवे. तोवर निदान एवढे करता येईल : कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने मॉडेल, पॉइंटचे अंतर, टायमिंगचा अंश आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहून ठेवायची. पुढच्या ऑगस्टमध्ये कव्हर काढणाऱ्याला स्क्रूच्या आधी ते दिसेल.