काठीखालून पाहिलेली जत्रा

चैत्र यात्रा होऊन महिना उलटला तरी जोतिबाच्या पायऱ्या गुलाबीच असतात. दगडांच्या सांध्यांत, कोनाड्यांत, नारळवाल्यांच्या ताडपत्रीच्या घड्यांत गुलाल बसून राहिलेला असतो आणि वळीव पडला की पुन्हा वाहू लागतो. मे महिन्यात आम्ही अकरा जण डोंगरावर गेलो, त्याच्या आदल्या रात्री असाच वळीव होऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या चपला रंगल्या. एक बाई म्हणाल्या, ‘‘कुठं गेलो होतो ते घरी सांगायलाच नको आता.’’

आम्ही म्हणजे मराठी शिकवणारी माणसं. काही जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी आणि बाई, काही हायस्कूलचे सर आणि मॅडम, आणि मी निवृत्त. परिपत्रक नव्हतं, उपस्थिती पत्रक नव्हतं, प्रवासभत्ता तर नव्हताच. सुटीतले दोन दिवस एकत्र बसायचं आणि लिहायचं, एवढंच ठरलं होतं. लेखन कसं शिकवावं यावर कुणी बोलायचं नाही, ही अट मीच घातली होती. ती पहिल्याच दिवशी मोडली.

यामागं माझं एक जुनं पाप आहे. डोंगराखालच्या एका गावातून माझ्या वर्गात एक मुलगा यायचा, आठवीत. घरचा नारळ-गुलालाचा धंदा. चैत्रात हा पोरगा चार दिवस गायब व्हायचा आणि परत यायचा तो कानामागं गुलाल आणि खांद्यावर वळ घेऊन. एका वर्षी परीक्षेत ‘मी पाहिलेली जत्रा’ हा निबंध आला. मी त्याची उत्तरपत्रिका जरा उत्सुकतेनंच उघडली. आत काय होतं? आकाशपाळणा, फुगेवाला, मिठाईची रंगीबेरंगी दुकानं, आईचं बोट धरून चालणारा एक गोंडस बालक आणि शेवटी ‘तो दिवस मी कधीच विसरणार नाही’. गाइडमधली जत्रा. जिच्या गर्दीत तो दरवर्षी उभा राहून नारळ विकत होता, ती जत्रा त्यात कुठंच नव्हती. मी दहापैकी आठ गुण दिले. अक्षर सुंदर होतं.

तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही, हेच खरं पाप. मी स्वतः आठवीत असताना तोच निबंध लिहिला होता.

आता प्रशिक्षणांचं सांगायचं तर नोकरीत मी भरपूर केली. बहुतेक उन्हाळ्यात किंवा शाळा उघडायच्या तोंडावर. एक सभागृह, दोन बंद पंखे, पडद्यावर सरकणारे मुद्दे, सुलभक ते मुद्दे आपल्याला वाचून दाखवतात, मग गटकार्य, चार्टपेपर, स्केचपेन, समूहफोटो. अध्ययन निष्पत्ती मला आजही पाठ आहेत. सगळंच वाया गेलं असं म्हणणार नाही. चहाच्या वेळी दुसऱ्या तालुक्यातले गुरुजी जे सांगायचे त्यातलं बरंचसं मी वर्गात वापरलं. पण इतक्या वर्षांत लेखनावरच्या एकाही प्रशिक्षणात मला कुणी म्हटलं नाही, की सर, हा कागद घ्या आणि एक पान लिहा. पोहायला शिकवणारा निदान एकदा तरी विहिरीत पडलेला असतो.

हा विचार काही माझा नव्हे. अमेरिकेत १९७४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात जेम्स ग्रे नावाच्या शिक्षकानं उन्हाळी सुटीत शाळाशिक्षकांना बोलावून हेच सुरू केलं. लेखन शिकवणाऱ्यानं स्वतः लिहावं, लिहिलेलं सोबत्यांना वाचून दाखवावं आणि शिक्षकांना शिकवावं तेही शिक्षकांनीच, अशी साधी बैठक. पुढं तिचं देशभर जाळं झालं. पण मला बर्कलीपेक्षा जवळचा दाखला जोतिबावरच सापडला, तो या डोंगराच्या नावात.

११ एप्रिल १८२७ रोजी जोतीराव फुल्यांचा जन्म झाला. त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती म्हणून मुलाचं नाव जोती ठेवलं, असं चरित्रकार सांगतात. त्यांनी सावित्रीबाईंना शिकवलं. सावित्रीबाईंनी पुढं अहमदनगरला आणि पुण्याला मिशनरी बाईंच्या संस्थांत अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं. म्हणजे प्रशिक्षित शिक्षिका. इथवरचं आपल्याला भाषणांतून ठाऊक असतं. मला थांबवतात त्या पुढच्या दोन तारखा. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह छापून आला. आणि १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध आला. वय चौदाच्या आसपास. विषय : मांग-महारांचं दुःख. आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळू दे, असं ती त्यात थेट देवालाच विचारते. त्या निबंधात फुगेवाला नाही. जे तिनं आणि तिच्या माणसांनी भोगलं तेच आहे. आणि तिच्या शाळेतली बाई आदल्याच वर्षी स्वतःच्या कवितांचं पुस्तक छापून बसलेली होती. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतो, इतिहासकारांनी हवं तर मला रागवावं.

तर डोंगरावर. पहिल्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना विषय दिला, अर्थातच ‘मी पाहिलेली जत्रा’. चाळीस मिनिटं. अकरा जण भक्तनिवासाच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून खाली मान घालून लिहीत होते. मीही. मग एकेकानं वाचलं. अकरांपैकी सात जणांच्या जत्रेत ‘रंगीबेरंगी’ हा शब्द होता. पाच जणांच्या जत्रेत आकाशपाळणा. माझ्यात दोन्ही. आधी हसू आलं, मग कुणी हसेना. एक सर वही मिटत म्हणाले, ‘‘म्हणजे गाइड पोरांच्या दप्तरात नाही, आपल्या पोटात आहे.’’

दुपारच्या जेवणानंतर दुसरा विषय : यात्रेत तुमच्या हाताला काय लागलं तेवढंच लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं नको.

पन्हाळ्याकडच्या वाडीवरच्या शाळेत असलेले एक तरुण गुरुजी बराच वेळ काही लिहिनात. मग एकदम दीड पान लिहिलं. वाचताना आवाज जरा कापरा होता. त्यांच्या गावची सासनकाठी, तीस-पस्तीस फुटांचा वेळू, आणि ती तोलायला चारी बाजूंनी बांधलेले दोर. त्यातला एक दोर बाराव्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या हातात दिला गेला. वर बघायचं नाही अशी ताकीद, कारण वर बघितलं की गुलाल थेट डोळ्यांत. मग दिसतं काय? पुढच्या माणसाच्या टाचा. काठी घेऊन नाचणाऱ्याचे गुडघे. तळहाताला दोर कापत असतो, वरून खारीक-खोबरं डोक्यात पडतं, ‘चांगभलं’ इतकं जवळून ऐकू येतं की ते छातीत वाजतं, आणि मागून वडील एकच शब्द ओरडतायत, ‘‘ताण! ताण!’’ काठी गर्दीवर पडली तर, ही एकच भीती. पालखी यमाईकडं गेली कधी आणि आली कधी, त्यांना कळलंच नाही.

एका मॅडमनी विचारलं, ‘‘मग देव बघितला की नाही?’’

‘‘न्हाई ओ. काठीखाली देव दिसत न्हाई.’’

हे वाक्य कागदावर नव्हतं. तिथल्या तिथं आम्ही त्यांना ते लिहायला लावलं, आणि इथंच माझी अट मोडली. कारण गुरुजींनी लिहिताना ‘डोळं’, ‘टाचा फुटल्याल्या’, ‘म्या दोर धरला’ असं सगळं घरच्यासारखं लिहिलं होतं, आणि हायस्कूलच्या एका अनुभवी सरांनी शांतपणे सांगितलं, ‘‘फार चांगलं आहे. पण माझ्या मुलानं हे बोर्डाच्या पेपरात लिहिलं तर तपासणारा गुण कापणार.’’ पुढचा दीड तास त्यावर गेला, आणि तोच दीड तास दोन दिवसांतला सगळ्यात मोलाचा होता.

सरांचं खोटं नव्हतं. दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखन आहे. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, शिवाय प्रसंगलेखन, आत्मकथन असं बरंच काही. नमुना वाईट नाही. प्रसंगलेखन तर मुलाला स्वतःचं सांगायला जागाच देतं. पण ती जागा प्रमाण मराठीत भरायची असते, आणि मुलाच्या आठवणी घरच्या बोलीत साठलेल्या असतात. ‘म्या दोर धरला’चं ‘मी दोर धरला’ करायला एक अक्षर लागतं. ‘टाचा फुटल्याल्या’चं मात्र काय करायचं? ‘भेगाळलेल्या टाचा’ केलं की तो बाराव्या वर्षाचा मुलगा वाक्यातून उठून निघून जातो.

माझं मत असं, की लाल पेन कधी काढायचं यावर सगळं आहे. पहिलं लिखाण घरच्या भाषेत पडू द्यावं, तिथं ऱ्हस्व-दीर्घाचं नावही काढू नये. मग वाचून एक प्रश्न विचारावा, फक्त एक. ‘छान’ हा शेरा नको आणि ‘सुधारणा आवश्यक’ तर अजिबात नको. त्या मॅडमनी विचारला तसा, ज्याचं उत्तर वाचणाऱ्याला खरोखर हवं आहे असा. दुसऱ्या लिखाणाच्या वेळी मुलाशी बसून ठरवावं, निवेदन परीक्षेच्या भाषेत आणायचं, बोलणं राखायचं. वडिलांचं ‘ताण!’ कुठलाही परीक्षक कापणार नाही.

यावर एका तरुण मॅडमनी मला जमिनीवर आणलं. ‘‘सर, माझ्या वर्गात पासष्ट आहेत. दोन तुकड्या. एकशेतीस वह्या. एक-एक प्रश्न म्हटलं तरी एकशेतीस प्रश्न, आणि वर माहिती भरायची ॲपं वेगळी.’’ मी म्हटलं, आठवड्याला दहाच वह्या घ्या, बाकीच्यांनी जोडीनं एकमेकांचं वाचावं, प्रश्न पोरांनाच विचारू द्या. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. पटायचं कारणही नाही. मी निवृत्त माणूस, माझ्याकडं आता शून्य वह्या आहेत.

कोल्हापुरात बसून हा विषय निघावा आणि लीलाताई पाटलांचं नाव निघू नये असं होत नाही. शिक्षक घडवण्याच्या कामातून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं आणि वर्गात जे घडलं ते सतत लिहीत राहिल्या. २०२० च्या जूनमध्ये त्या गेल्या. रात्री आमच्यातल्या एका बाईंनी त्यांचं एक पुस्तक पिशवीतून काढलं. पानं सुटलेली, रबरबँड लावलेलं. यातल्या कल्पना घेऊन वर्ग चालवायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला, त्या म्हणाल्या, आता त्यांच्यासारखं लिहून बघते. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. खाली दरीत केर्लीचे दिवे दिसत होते आणि डास फार होते.

दुसऱ्या दिवशी रविवार, देवाचा वार. सकाळपासून गर्दी सुरू झाली, व्हरांड्यात बसणं अवघड झालं. आम्ही यमाईच्या वाटेवर एका झाडाखाली शेवटची बैठक उरकली आणि एसटी धरली. उतरताना माझ्या शेजारी त्याच मॅडम होत्या, एकशेतीस वह्यांच्या. म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही दुसरं लिखाण वाचलंच नाही.’’

वाचलं नव्हतं, कारण ते जत्रेवर नव्हतं. हाताला काय लागलं म्हटल्यावर मी त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेबद्दल लिहिलं होतं, कागदाला कोपऱ्यात किंचित गुलाबी बोट उमटलेलं होतं त्याबद्दल. मी वही त्यांच्याकडं दिली. घाटाच्या वळणांत गाडी हलत होती, तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग पर्समधून पेन काढलं, निळं, आणि समासात एक ओळ लिहून वही परत केली.

‘त्या मुलाचं नाव काय होतं?’

केर्ली फाटा येईपर्यंत मी आठवत राहिलो. हजेरीतला त्याचा क्रमांक आठवला. एकोणतीस.