‘ॲव्हरेज किती देते?’ हे मोठ्या गाडीलाही विचारा

‘दीड कोटीची गाडी घेणारा ॲव्हरेज विचारत नसतो.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते एखाद्या सुविचारासारखं भिंतीवर लिहायचंच बाकी आहे. गंमत म्हणजे ते म्हणणारे बहुतेक जण दीड कोटीवाले नसतात. ते तुमच्या-माझ्यासारखेच असतात. पंपावर दोनशेचं टाकणारे, उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, सर्व्हिसिंगनंतर ‘ॲव्हरेज पडलं का हो?’ म्हणून मेकॅनिकच्या मागे लागणारे. स्वतःच्या स्कूटरला रोज विचारतो तो प्रश्न आपण चार चाकांना ताकद देणाऱ्या आलिशान सेदानला विचारत नाही. विचारलाच, तर आपलीच लायकी निघते. मला ही उलटी रीत मान्य नाही. हा प्रश्न सगळ्यात आधी त्याच गाडीला विचारायला हवा.

आधी हिशेब करू, कारण आपल्याला इथेच फसवलं जातं. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे मोजमाप दिसायला सोपं आहे, पण फसवं आहे. समजा तुमची स्कूटर ५० देत होती, आता ४९ देते. हजार किलोमीटरला आधी २० लिटर लागायचं, आता सुमारे २०.४ लागेल. फरक अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. आता एक जड सेदान घ्या. ती १० देत होती, आता ९ देते. हजार किलोमीटरला १०० लिटरऐवजी १११ लिटर. म्हणजे ११ लिटर जादा. दोन्हीकडे ‘एकाचाच तर फरक’, पण एकीकडे वाटीभर पेट्रोल आणि दुसरीकडे घागरभर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही जोडून घ्या. ज्याचं ॲव्हरेज मुळात कमी, त्याचा प्रत्येक घसरलेला किलोमीटर महाग. आणि आपण तपासतो कुणाला? स्कूटरवाल्याला.

आता हा एकाचा फरक येतो कुठून? चारही चाकांना ताकद द्यायची म्हटलं की गाडीत जादा शाफ्ट आला, जादा डिफरन्शियल आला, त्यांचं वजन आलं, त्यांच्या गिअर आणि तेलाचं घर्षण आलं. अमेरिकेत एकच सेदान दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या अशा दोन्ही प्रकारांत मिळते. तिथल्या ईपीएचे आकडे शेजारी ठेवले की चार चाकांवाली गॅलनमागे साधारण एक-दोन मैल कमी देते. ऑडीने २०१६ मध्ये ‘क्वाट्रो अल्ट्रा’ आणली. गरज नसेल तेव्हा मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवून ठेवणारी ही यंत्रणा १०० किलोमीटरला सरासरी ०.३ लिटर वाचवते, असं कंपनीनेच सांगितलं. वाचवते, याचा अर्थ आधी ते जात होतं. गरज नसतानाही.

आणि गरज कुठली होती? क्वाट्रोची कल्पना फिनलंडच्या बर्फात, हिवाळी चाचण्यांच्या वेळी सुचली. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती गाडी जगासमोर आली. आल्प्समध्ये राहणाऱ्याला या यंत्रणेची किंमत समजते, आणि तिथे मी तिच्याविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. गुलमर्ग-मनालीतही नाही. पण सेनापती बापट रोडवर बर्फ कधी पडला? ‘अहो, आपल्याकडे पाऊस असतो ना, सेफ्टीसाठी घेतात,’ असं उत्तर येतं. ओल्या रस्त्यावर जोर लावून निघताना, घाटात चढताना चार चाकं मदत करतात, हे खरंच आहे. पण समोर अचानक म्हैस आली तर थांबायचं असतं, आणि ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतो, मग ती अल्टो असो की एस-क्लास. थांबवतो तो टायर. पावसाळ्याची एवढी काळजी असेल तर चांगले टायर घ्या, शंभर किलोमीटरच्या मर्यादेत चालवा. ते स्वस्तही पडतं.

दुसरं उत्तर नेहमीचं: ‘पैसे त्याचे, पेट्रोल त्याचं, तुला काय?’ पैसे त्याचे, कबूल. पेट्रोल मात्र एकट्याचं नाही. भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. त्याचं बिल डॉलरमध्ये देश भरतो, आणि धूर सिग्नलवर शेजारी उभा असलेला रिक्षावाला घेतो. श्रीमंताच्या नळाचं पाणी वाहत असेल तर ‘बिल त्याचं आहे’ म्हणून आपण गप्प बसतो का? मग इथेच का?

तिसरं उत्तर मला थोडं पटतं: अशा गाड्या आहेतच किती? एकूण विक्रीत आलिशान गाड्या जेमतेम १ टक्का. खरं आहे. पण उरलेले ९९ टक्के त्या एका टक्क्याकडे बघून स्वप्नं ठरवतात. मोठं म्हणजे चांगलं, जड म्हणजे मजबूत, पिणारी म्हणजे दमदार, ही चव वरून खाली झिरपते. हॅचबॅक सोडून एसयूव्ही घेणाऱ्या आपल्या मावसभावाला विचारा.

सरकार तरी हा प्रश्न विचारतं का? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. आधी मोठ्या गाड्यांवर उपकरासकट ५० टक्क्यांपर्यंत कर होता, आता सरसकट ४० आहे. पेट्रोल-डिझेल गाडी छोटी की मोठी हे ठरवायला कायदा लांबी मोजतो, इंजिनाचे सीसी मोजतो. लिटरला किती जाते, हे विचारतच नाही. इंधनासाठी जे ‘कॅफे’ नियम आहेत, ते कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी बघतात. २०२२-२३ पासून हे लक्ष्य किलोमीटरला साधारण ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. पण ते वजनाला बांधलंय. कंपनीच्या गाड्या जितक्या जड, तितकी सूट जास्त. जाड्या मुलाला डाएटमध्ये दोन लाडू जादा, असा हा प्रकार.

आणि हे सगळं पुण्यापासून लांब कुठे घडत नाही. एस ४५० फोरमॅटिक २०२१ पासून चाकणलाच जोडली जाते. तीन लिटरचं इंजिन, वजन दोन टनांच्या आसपास. एका गाडीत अठरा ॲक्टिव्हा सहज मावतील एवढं वजन, आणि आत बऱ्याचदा एक ड्रायव्हर आणि मागे एक साहेब. ज्या एआरएआयच्या आकड्यावर अख्खा देश गाड्या घेतो, ती संस्था वेताळ टेकडीवर आहे. आपल्याकडची ही चाचणी रोलरवर होते आणि तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. एक्सप्रेसवेवर ही सेदान किती वेळ ९० च्या खाली असते, हे तुम्हीच सांगा.

माझी मागणी गाड्यांवर बंदीची नाही. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. पण आपण फ्रिज घेतो तेव्हा त्यावर तारे असतात. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर शंभर मैलांना किती गॅलन लागतील, हे छापावंच लागतं. आपल्याकडेही प्रत्येक गाडीच्या काचेवर, शंभर किलोमीटरला किती लिटर आणि वर्षाला किती रुपयांचं इंधन, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. चार चाकांचा पर्याय असेल तर त्याचा जादा खर्च वेगळा दाखवा. कर लांबीवर नको, पिण्यावर लावा. आणि वजनाची सूट काढा.

तोवर आपलं काम सोपं आहे. कुणी नवी आलिशान सेदान दाखवायला आणली की पेढा घ्या, अभिनंदन करा, सीटवर हात फिरवा, आणि अजिबात न लाजता विचारा: दादा, ॲव्हरेज किती देते?