शिक्का कोणाचा, हात कोणाचा?

रशियातील मीनाकारीची चांदीची भांडी म्हटली की फाबेर्जे हे एकच नाव ओठांवर येते. एका कलेचा सारा इतिहास असा एका नावात आटोपणे हा त्या कलेवर अन्याय आहे, असे मला वाटते.

हे काम होते कसे, ते आधी पाहू. जयपूरची मीनाकारी धातूत कोरलेल्या खाचांत होते. मॉस्कोचे कारागीर चांदीच्या दोन बारीक तारांना पीळ देत, पिळलेली तार चपटी करून तिची वेलबुट्टी वळवीत व ती भांड्यावर डाखाने जोडीत. तारांमधल्या घरांत रंगीत काचेची ओली पूड भरून भांडे भट्टीत घालीत. पूड वितळली की खाली बसते. म्हणून पुन्हा भरणे, पुन्हा भाजणे. आच जरा अधिक झाली की सारी मेहनत वाया!

हे ज्ञान पोथीत नव्हते, हातांत होते. म्हणूनच बायझंटाइन परंपरेतून कीव्हने आत्मसात केलेली मीनाकारी १२४० साली मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केल्यावर खंडित झाली. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत मॉस्कोत तारेची मीनाकारी बहरली. परंतु पीटर राजाने राजधानी पीटर्सबर्गला नेली, दरबाराची रुची पश्चिमेकडे वळली आणि ही कला मागे पडली.

एकोणिसाव्या शतकात तिला पुन्हा उभे करणाऱ्यांत पावेल ओव्चिन्निकोव्ह अग्रणी होता. भूदास म्हणून जन्मलेल्या या माणसाने १८५३ साली मॉस्कोत पेढी काढली आणि शिकाऊ मुलांसाठी शाळाही चालविली. माझ्या मते ही शाळाच त्याचे खरे मोठे काम.

तरीही भांड्याच्या तळाशी काय दिसते? चांदीचा कस सांगणारा ८४ हा आकडा, म्हणजे ९६ पैकी ८४ भाग शुद्ध, आणि पेढीचा शिक्का. रंग भरणाऱ्याचे नाव नाही. फ्योदर रूकर्टसारख्या स्वतंत्र कारखानदाराच्या शिक्क्यावरही काही वस्तूंत फाबेर्जेचा शिक्का मारलेला आढळतो!

कोणी म्हणेल, भांडवल मालकाचे, बाजारही त्यानेच मिळविला. मग नाव त्याचे का नको? जरूर हवे. पण बुडालेले भांडवल पुन्हा उभे करता येते. शिकविणारे हात गेले की कलाच जाते. कीव्हची कथा दुसरे काय सांगते?

तेव्हा कलेचा इतिहास शिकताना आणि शिकविताना राजा कोण, मालक कोण, एवढ्यावर थांबू नये. हे कोणी घडविले आणि त्याला कोणी शिकविले, हा प्रश्न परीक्षेत येत नसला तरी विचारलाच पाहिजे.