सूर्य उगवलाच नाही तर?

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणामुळे विदर्भाच्या काही भागात भरदुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार झाला. ते पाहायला इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनी पुलगावात तळ ठोकला होता. पण सूर्य कायमचाच विझला तर दिग्रसमधली माणसे किती दिवस तग धरतील?

सूर्यप्रकाश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. तोवर काही कळणारही नाही. त्यानंतर पिकांचे अन्न तयार करणे थांबेल. आठवडाभरात पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली, तर वर्षभरात उणे ७० अंशांच्या आसपास जाईल, असा अंदाज आहे. कपाशी, सोयाबीन, तूर शेतातच गोठतील. हवेतला प्राणवायू मात्र दीर्घकाळ पुरेल. म्हणजे माणूस गुदमरून नव्हे, थंडीने आणि भुकेने मरेल.

सगळेच मरतील? नाही. भूगर्भातील उष्णता किंवा अणुऊर्जेच्या आधारे मोजके लोक जमिनीखाली जगू शकतील. पण त्या भुयारात जागा पैसेवाल्यांना मिळेल, दिग्रसच्या कोरडवाहू शेतकऱ्याला नाही.

सूर्य आणखी सुमारे ५ अब्ज वर्षे विझणार नाही. खरी भीती तो झाकला जाण्याची आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच जाणवला नाही. पिके बुडाली, धान्य महागले. अणुयुद्धाच्या धुरानेही तेच घडू शकते. म्हणून चर्चा भुयारांची नको. तालुक्याच्या गोदामात किती महिन्यांचे धान्य आहे, हे आधी विचारायला हवे.