आधी अंगण, मग औषध

झांबियातल्या काब्वे शहरातली शिसे-जस्ताची खाण १९९४ मध्ये बंद पडली. म्हणजे भट्ट्या विझल्या, कामगारांचे पगार थांबले आणि कचरा होता तिथेच राहिला. तोही थोडाथोडका नव्हे, सुमारे ६४ लाख टन, उघड्यावर. पावसाळा सरला, वारा सुटला की या ढिगाऱ्यांची भुकटी कासांडा, माकुलुलू, चोवा या वस्त्यांत घरोघरी जाऊन बसते. इंग्रजांच्या अमलात या गावाचं नाव होतं ब्रोकन हिल. १९२१ मध्ये याच खाणीत आदिमानवाची एक कवटी सापडली. ती लंडनच्या संग्रहालयात आहे आणि झांबिया ती परत मागतो आहे. या खाणीतून निघालेल्या वस्तूंपैकी नीट जपली गेली ती बहुधा एवढीच.

शिसं कुजत नाही, विरघळून नाहीसं होत नाही, मातीच्या वरच्या थराला धरून बसतं. रांगणारं मूल अंगणात हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. विषाला यापेक्षा वेगळी वाट लागत नाही. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा अंश मोठ्या माणसाच्या अंगात भिनतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात भिनतो. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि पुढे वर्षानुवर्षं ते रक्तात उतरत राहतं. बऱ्याचदा ना ताप येतो, ना पुरळ. मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही, उंची खुंटते, ऐकू कमी येतं. शाळेत त्याला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवलं की विषय संपला.

काब्वेच्या मातीत काही ठिकाणी किलोमागे ६०,००० मिलिग्रॅमपर्यंत शिसं सापडलं आहे. अमेरिकेत घराभोवतालच्या मातीसाठी धोक्याची पातळी २०२४ मध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली गेली. तीनशे पटींचा हा फरक वाचल्यावर इतर आकड्यांची फारशी गरज उरत नाही.

यावर औषध आहे. रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की ते बाहेर काढणाऱ्या गोळ्या देतात. गोळ्या काम करतात, पण बरं झालेलं मूल परत त्याच अंगणात खेळायला जातं. नायजेरियातल्या झांफारा राज्यात २०१० मध्ये सोन्याचं खनिज घरांत दळल्यामुळे शिशाची बाधा होऊन चारशेहून जास्त मुलं दगावली. तिथल्या बागेगा गावात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संस्थेने ठाम भूमिका घेतली की आधी माती काढा, मग आम्ही उपचार सुरू करू. आजारी मुलं समोर असताना असं म्हणणं निष्ठुर वाटतं, पण मला ते सर्वांत शहाणपणाचं वाटतं. २०१३ मध्ये गावातली माती खरवडून काढली, नवी माती टाकली, आणि मग उपचार सुरू झाले.

काब्वेत क्रम उलटा लागला. जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ पासून एक आणि २०१६ पासून दुसरा असे प्रकल्प आले. मुलांच्या रक्ताच्या चाचण्या झाल्या, गोळ्या दिल्या गेल्या, काही अंगणं साफ झाली. मूळ ढिगारा मात्र जागचा हलला नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसण्याचाच हा प्रकार. भरीस भर म्हणजे धातूंचे भाव वधारले तसं या कचऱ्यातही पैसा दिसू लागला. सरकारने तो पुन्हा उपसायला परवाने दिले. ट्रक भरभरून कचरा निघतो, आणि त्यातला काही शहरातल्या दुसऱ्याच जागी नेऊन ओतलेला आढळतो. ढीग एकाचे अनेक झाले, एवढीच काय ती प्रगती.

जबाबदार कोण, याचा वाद कोर्टात आहे. १९२५ ते १९७४ या काळात खाणीशी संबंध असलेल्या अँग्लो अमेरिकन समूहाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कंपनीविरुद्ध २०२० मध्ये काब्वेच्या महिला आणि मुलांच्या वतीने जोहान्सबर्गला दावा गेला. खाण आमच्या मालकीची नव्हती आणि नंतर ती सरकारी झाली, असं कंपनीचं म्हणणं. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सामूहिक दाव्याला परवानगी नाकारली, आणि पीडित अपिलात गेले. हा वाद आणखी कितीही चालो, त्यासाठी मातीचं काम थांबवण्याचं कारण नाही. पैसे आधी सरकारने घालावेत आणि मागाहून कंपनीकडून वसूल करत बसावं.

काब्वे दूर असलं, तरी गोव्यातल्या वाचकांना डंप, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग, हा प्रकार समजावून सांगायला नको. तिथला माल लोहखनिजाचा, त्यामुळे काब्वेची भीती तिथे जशीच्या तशी लागू नाही. पण जुन्या डंपमधलं खनिज विकण्याचा विचार तिथेही जोरात आहे. तेव्हा लिलावाच्या कागदावर बोली किती, हे पाहण्याआधी वाहतुकीच्या अटी वाचाव्यात. ट्रकवर ताडपत्री कोण बांधणार, चाकं कुठे धुणार, आणि उरलेली माती पावसाआधी कोण झाकणार?