सूर्याचा रोजमेळ



ज्या दिवशी पेढीवर एकही मोठा व्यवहार होत नाही, त्या दिवसाचाही रोजमेळ लिहिला जातो. त्या पानाचे मोल त्या दिवशी कळत नाही; पुढे कधी हिशेब जुळेनासा झाला, म्हणजे कळते. याच शिस्तीची एक वही महाराष्ट्रात १८० हून अधिक वर्षे लिहिली जात आहे. तीत जमाखर्च असतो पृथ्वीच्या चुंबकत्वाचा.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाब्यास वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तेथे चुंबकसूचीच्या नोंदी होऊ लागल्या. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला, म्हणजे सूची अस्वस्थ होते. यालाच भूचुंबकीय वादळ म्हणतात. कुलाब्यात तासातासाला वाचन होई. सूची विचलित झाली, की पंधरा मिनिटांनी, प्रसंगी पाच मिनिटांनीही होई.

२ सप्टेंबर १८५९ रोजी या वहीत विलक्षण आकडा उतरला. एरवी दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी बदलणारे क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर ज्वाला पाहिली होती. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बंद पडत होती. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या वादळाची तीव्रता मोजली, ती कुलाब्याच्या याच नोंदींवरून.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने नोंदी भ्रष्ट होतील, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी जाणले. अलिबागेस नवी वेधशाळा बांधली गेली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुन्या वहीची शिल्लक नव्या वहीत ओढताना व्यापारी जी दक्षता घेतो, तीच ही. विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. आज या संस्थेची एक वेधशाळा आपल्या गोंदियानजीक नागपुरासही आहे.

आता सूर्याचे अंदाज दररोज प्रसिद्ध होतात. सूर्यावरील उद्रेकाचा लोट येथवर पोहोचण्यास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या भारताच्या आदित्य-एल१ सारख्या यानांवरून तो आधी जातो. तेथून अखेरचा इशारा मिळतो तो तासाभराच्या आतबाहेर. मार्च १९८९ मध्ये अशा वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली. मे २०२४ मधील वादळ सर्वोच्च, म्हणजे जी-५ श्रेणीचे होते; त्याची तांबडी आभा लडाखमधील हानले येथेही दिसली.

आपल्या गिरणीतून निघालेल्या तांदळाच्या ट्रकचा ठावठिकाणा उपग्रहच सांगतात. म्हणून हा विषय आपणांस परका नाही. मात्र “आज रात्री सौरवादळ, मोबाईल उशाशी ठेवू नका” असे संदेश घराघरांत भीती पसरवितात. वातावरणाच्या कवचाखाली राहणाऱ्या आपल्या शरीरास या वादळाचा अपाय होत नाही. झळ पोहोचते ती उपग्रहांना, लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांना आणि रेडिओ संदेशांना. असा संदेश आल्यास तारीख कोणती, श्रेणी कोणती आणि सांगणारी संस्था कोणती, एवढे पाहावे. यांपैकी काहीच नसेल, तर तो पुढे धाडू नये. खातरजमा न करता आपण हुंडीसुद्धा स्वीकारीत नाही.